भिंतीवर टांगलेला आरसा

४ जानेवारी

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणे फोन न करता पत्र लिहितोय, तेव्हा आधी शाबासकी दे. मावशी काल घरी आली. टाके निघाले, जखम कोरडी आहे, साखरही ताब्यात आहे. डॉक्टर म्हणाले की गुडघा वाचला हे नशीब समजा. गुडघ्याखाली वीतभर पाय राखलाय त्यांनी. आई गेल्यावर ज्या पायांनी मावशीनं आपल्या दोघांना फरफटत शाळेत नेलं, त्यातला एक आता नाही, हे माझ्या अजून गळी उतरत नाही. ती मात्र मजेत आहे. गेलेल्या पायाची करंगळी खाजते म्हणून नर्सकडे तक्रार करत होती, आणि एकाच पायाचा बूट देणारं दुकान शोधून ठेव म्हणून मला सांगत होती.

आता मुख्य गोष्ट. माझं नवीन दुकान एक मार्चला उघडतंय. तीन खोल्या, पुढे सगळी काच, आत उजेडच उजेड. मापं घ्यायचं यंत्र आलंय. सकाळी माणसाचं माप घ्यायचं आणि संध्याकाळी त्याला पाय लावून घरी पाठवायचं. तुझ्याकडे एक पाय होईपर्यंत माझे वीस होतील, बघच तू. माझ्या मनात असं आहे की फीत मावशीनं कापायची, आणि तीही चालत येऊन, मी केलेल्या पायावर. पुढच्या आठवड्यात माप घेतो.

तू आता कपाळावर हात मारून घेशील. सूज उतरू दे, तीन महिने थांब, अप्पांचं ऐक, वडील आहेत ते, हे सगळं मला पाठ आहे. पण ताई, नुसतं थांबत बसणं हेही काही पुण्य नाही. तुझ्या यादीतला तो पोस्टमन आठव. पाचव्या महिन्यात त्याचा पाय तयार झाला आणि चौथ्यात तो बिचारा गेला. तो पाय अजून तुझ्या माळ्यावर पडलाय. माझ्याकडे आला असता तर निदान अंगणात फिरून गेला असता.

अप्पांना नमस्कार सांग. हाताची थरथर कशी आहे ते कळव. रागावलीस तर रागाव, पण जीव लावतेस तेवढा लावत राहा.

तुझा,
भिंगरी


१३ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. त्यातले दोन-चार फटके समज.

पोस्टमनचं काढलंस ते लागलं मला. माळ्यावर चढले की तो पाय दिसतो आणि मी तोंड फिरवते. तिथे माझी चूक झाली. आता माझं ऐक. फोनवर तू नुसतं हं हं करतोस आणि दुसऱ्या कानानं गिऱ्हाइकाचं ऐकत असतोस, म्हणून हे कागदावर लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

मावशीच्या पायाची जाणीव गेली आहे. डिसेंबरात तिथे आले होते तेव्हा तिची सुई अंथरुणात हरवली होती, ती तिच्या चांगल्या पायाच्या तळव्यात सापडली, आणि बाईसाहेबांना पत्ता नव्हता. कापून उरलेल्या पायाचंही तेच. तुला-मला चप्पल लागली तर आपण दुसऱ्या पावलाला काढून फेकतो. तिला नव्या पायाची वरची वाटी लागली तर तिला सांगणार कोण? आत्ता तिचा पाय सुजलेला आहे. आत्ता माप घेशील तर वाटी सुजेच्या मापाची होईल. सूज उतरली की वाटीत पाय हलेल, हलला की घासेल, घासला की फुटेल, आणि ती तुझ्यासमोर हसत चालत राहील. यात काय पणाला लागलंय ते तुला माझ्याइतकंच माहीत आहे. तिचा गुडघा. तो आहे तोवर ती कधी ना कधी चालेल. तो गेला तर या वयात खुर्ची, कायमची.

अप्पांचा नियम तू विसरला नसशील. नवा पाय पहिले चाळीस दिवस घरी जायचा नाही. माणसानं रोज आपल्याकडे यायचं, चालायचं, संध्याकाळी पाय काढून बाकावर बसायचं. अप्पा खाली जमिनीवर बसायचे आणि तो लाकडी मुठीचा आरसा खालून धरायचे. जरा कुठे लाल दिसलं की पाय परत कानशीखाली आणि चाळीस दिवस पुन्हा पहिल्यापासून. लहानपणी आपण त्यांना आरसेवाले म्हणून चिडवायचो. मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ती स्वतः काही बघू शकणार नाही, हेही लक्षात ठेव.

अप्पांनी तिचा पाय सुरू केला आहे. सकाळी हात जरा स्थिर असतो तेव्हा तासभर काम होतं, मग सुटतो. तिच्या चांगल्या पायाची मापं मी डिसेंबरात आणली होती. पोटरी, घोटा, पाऊल सगळं तिचंच कोरतायत. अंगठ्याजवळ तिचं हाड पुढे आलंय ना, तेसुद्धा सोडलं नाही. मी म्हटलं की ते कशाला, तर म्हणाले की तिला आपला पाय ओळखू आला पाहिजे. वाटी तेवढी शेवटी, सूज पूर्ण उतरल्यावर.

तू ऐकणार नाहीस हे अप्पांनाही ठाऊक आहे. म्हणून त्यांनी आरसा पाठवलाय, स्वतःच्या हातानं फडक्यात गुंडाळून. तुला चालवायचंच असेल तिला तर रोज संध्याकाळी खाली बस आणि हा धर. तू स्वतः. माझं एवढंच मागणं आहे.

माया आहे म्हणून एवढी शाई खर्च केली. ती कमी व्हायची नाही.

ताई


६ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तू यायला हवी होतीस! मावशी अकरा पावलं चालली. हातात काठी नाही, बाजूला मी फक्त नावाला. अकराव्या पावलाला फीत, आणि मग टाळ्या थांबेचनात. पेपरात फोटो आलाय, कात्रण सोबत आहे. तिच्या चेहऱ्याकडे बघ आणि मग मला सांग की मी तीन महिने थांबायला हवं होतं.

अप्पांच्या आरशाला केवढा मान मिळाला सांगू? मागे काळी मखमल लावून काचेच्या पेटीत बसवलाय, दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर. वर छोटा दिवा सोडलाय. खाली पितळी पट्टीवर कोरून घेतलंय, बेचाळीस वर्षांची परंपरा. लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. अप्पांना सांग, त्यांना बरं वाटेल.

मावशी आता रोज सकाळी माझ्याबरोबर दुकानात येते. नवीन माणसं घाबरलेली असतात, ती त्यांना चालून दाखवते, थट्टा करते, त्यांना धीर येतो. दिवसाला सात-आठ जणांना तरी दाखवत असेल. घरी बसून कुढण्यापेक्षा हे बरं, असं तीच म्हणते. पाय जरा ढिला झालाय, तो होतोच, आत पायावर मोजे वाढवले की घट्ट बसतो. सध्या तीन घालते. नवीन माप घ्यायचंय, पण रांग एवढी आहे की पुढच्या महिन्याशिवाय जमणार नाही. मी रोज आठवणीनं विचारतो की दुखतंय का, तर म्हणते मुळीच नाही. सूचनांचं छापील कार्डही दिलंय तिला. तेव्हा तू निर्धास्त राहा.

तुला मारलेला पोस्टमनचा टोमणा मी मागे घेतो. आज खूष आहे मी. आशीर्वाद दे, थोडे जास्तच दे.

भिंगरी


१५ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

आरसा भिंतीवर? अरे, तुला काय म्हणावं! तो बघायला दिला होता, दाखवायला नाही. दुखत नाही म्हणून तू मला आनंदानं कळवतोस? तिला दुखत नाही हीच तर भीती आहे, गाढवा.

हे पत्र हातात पडलं की उठ, पेटी उघड, आरसा काढ आणि तिचा पाय बघ. गिऱ्हाइकं बसली असतील तर बसू देत. मोजे वाढवत जाऊ नकोस, सगळे काढ. आणि तिला लोकांपुढे चालवणं आजच्या आज बंद कर. मावशीला मी वेगळं पाकीट टाकलंय, तू तिला काही सांगशील याचा मला भरवसा नाही.

अप्पांना मखमलीचं सांगितलं. जेवताना एकदा म्हणाले की तिथे संध्याकाळी कोण खाली बसतं ते विचार.

कळव. लगेच कळव.

ताई


२६ मार्च

चि. पोरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. अक्षर वाकडं आलं तर डोळ्यांना दोष दे, हाताला नको.

तुझं पाकीट आलं. वाचायला भिंग लागलं आणि वाचून हसू आलं. तू लहानपणी गृहपाठ तपासून घ्यायचीस माझ्याकडून, आता माझा पाय तपासायला निघालीस. एवढी काळजी करू नकोस ग. माझं उत्तम चाललंय. रोज गाडीतून दुकानात जाते, खुर्चीवर राणीसारखी बसते, कुणी नवीन आलं की उठून दोन फेऱ्या मारते. परवा एक बाई माझ्या गळ्यात पडून रडली, म्हणाली की तुम्हाला बघून जगावंसं वाटलं. आता सांग, अशा बाईला मी उद्यापासून येणार नाही असं कसं सांगू?

दुखत तर काहीच नाही. आता सहा मोजे घालते, त्यामुळे अगदी घट्ट. आतल्या मोज्याला थोडे तपकिरी डाग पडतात रोज, नवीन पट्ट्याच्या चामड्याचा रंग उतरत असणार. मी सकाळी साबणानं धुऊन वाळत टाकते, निघतात. वासही जरा येतो चामड्याचा. भिंगरीला सांगितलं नाही. एक तर त्याला श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि त्यानं एवढ्या हौसेनं केलेल्या वस्तूला आपण नावं कशाला ठेवायची? तो घरी येतो तेव्हा एवढा दमलेला असतो की बूट न काढता खुर्चीतच डोळे मिटतो. चेहरा बघवत नाही त्याचा.

तू म्हणतेस तो आरसा खूप छान लावलाय हो त्यानं. वरचा दिवा लकाकतो तेवढा मला दिसतो.

तुझ्या अप्पांना म्हणावं, माझ्या अंगठ्याच्या हाडाचं कौतुक पुरे. तब्येतीला जप, आणि या म्हातारीची आठवण ठेव.

मावशी


८ एप्रिल

ति. ताईस,
नमस्कार.

मावशीचं पत्र वाचून तू फोनवर ओरडलीस ते निम्मं मला ऐकूच आलं नव्हतं. सगळं नीट लिहायला तू सांगितलंस, म्हणून लिहितोय.

तुझं पंधरा तारखेचं पत्र मी उघडलं नव्हतं. ताईचं प्रवचन असणार, रविवारी निवांत वाचू म्हणून खणात टाकलं. दोन रविवार गेले. परवा उघडलं. तो खण माझ्या उजव्या हाताला आहे, रोज वीस वेळा उघडतो मी तो.

गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा दुकानात नऊ माणसं होती. मावशी त्यातल्या एका बाईला चालून दाखवत होती. तिला बसवलं. आरसा काढायला गेलो तर पेटीचे स्क्रू निघेनात, एवढी पक्की बसवून घेतली होती मी. शेवटी हातोडीनं काच फोडली. लोक बघत होते. मग मोजे काढले. पाच निघाले, सहावा चिकटला होता, तो कोमट पाणी लावून सोडवावा लागला. मी खाली बसलो आणि आरसा धरला. ताई, या धंद्यात मला अकरा वर्षं झाली, आणि तरी आरशात पांढरं काय दिसतंय ते कळायला मला क्षणभर वेळ लागला. हाड होतं. मावशी वरून विचारत होती की काय दिसतंय रे. मी म्हटलं की काही नाही, थोडं लाल झालंय.

डॉक्टर म्हणाले की पू गुडघ्याच्या सांध्यात शिरलाय, आठ-दहा दिवस आधी आणलं असतं तर गुडघा राहिला असता. काल मंगळवारी मांडीतून कापला. शुद्धीवर आल्यावर तिनं पांघरुणावरून हात फिरवून पाहिला आणि मला विचारलं की तू जेवलास का.

अप्पा रागावलेत का ते लिही. काय वाटेल ते लिही, पण लिही.

भिंगरी


१६ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. आज फटके नाहीत.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुला शिव्या घालायला कागद घेतला होता, तो फाडला. पंधरा मार्चला मला सगळं दिसत होतं. आणि मी काय केलं? टेबलाशी बसून पत्र लिहिलं, तिकीट लावलं, पेटीत टाकलं आणि उत्तराची वाट बघत बसले. का, तर भांडण कागदावरच करायचं हा माझा हट्ट. शेजारच्या खोलीत फोन होता. जन्मभर तुला घाई करू नकोस म्हणून सांगितलं, आणि धावायचं होतं त्या दिवशी मी पाकिटावर पत्ता सुवाच्य अक्षरात काढत होते. डॉक्टर म्हणाले ते आठ-दहा दिवस निम्मे तुझ्या खणात गेले आणि निम्मे माझ्या हट्टात. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. खरं आहे म्हणून लिहितेय.

अप्पांना मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. त्यांनी आदल्याच दिवशी तिचा पाय पुरा केला होता. पॉलिश कागदानं घासून खिडकीत ठेवला होता, आणि मला म्हणाले होते की आता सूज उतरली असणार, तू जा आणि वाटीचा साचा घेऊन ये. मी सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं की गुडघा गेला? मी हो म्हटलं. ऐकू आलं नसावं तसं त्यांनी पुन्हा विचारलं, गुडघा? मग तो पाय मांडीवर घेऊन बसले. म्हणाले की पाऊल आणि घोटा हेच राहतील, आता गुडघा तेवढा लाकडात करावा लागेल, आणि तिचा होता तसा माझ्याच्यानं व्हायचा नाही. मग रडले. आईच्या वेळीसुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

तुझ्यावर रागावलेले नाहीत. म्हणतात, आरसा पाठवला पण तो धरायला भिंगरीला कधी खाली बसवलं नाही मी, नेहमी आपणच बसलो.

शेजारच्या वहिनी अप्पांकडे दोन दिवस बघायला तयार आहेत. मी शनिवारी येते. स्टेशनवर येऊ नकोस, मावशीपाशीच थांब. मी आल्यावर कदाचित तुझ्याशी बोलणार नाही, त्याचा अर्थ लावत बसू नकोस.

तुझीच,
ताई


११ जून

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद. हे पत्र पुरं व्हायला चार दिवस लागले, तेव्हा जपून वाच.

तुझ्या अप्पांनी पाठवलेला पाय पोचला. हुबेहूब माझा आहे ग. हाताने चाचपून बघितला, ते मेलं अंगठ्याचं हाडसुद्धा जागच्या जागी. डॉक्टरांना दाखवला, ते म्हणाले की मांडीपासूनचा पाय ओढायला माझं काळीज आता पुरेसं नाही, खुर्चीच बरी. मी बरं म्हटलं. अप्पांना एवढ्यात सांगू नकोस, ते गुडघा करतायत ना, करू दे. पाय मी कॉटखाली ठेवू दिला नाही. समोर भिंतीशी उभा केलाय, बूट घालून. दोघी एकमेकींकडे बघत बसतो.

भिंगरीनं नवीन माणसं घेणं बंद केलंय, ते यंत्रही झाकून ठेवलंय. पिशवीत आरसा घालतो आणि ज्यांना ज्यांना पाय दिले त्यांच्या घरी जातो, यादी करून. त्रेसष्ट जण आहेत म्हणे. दोघांचे पाय लाल निघाले, ते परत घेतले. एकानं दारातून हाकलून दिलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तुझ्याशी बोलायला घाबरतो. तू एप्रिलात आलीस आणि दोन दिवस नुसते माझे केस विंचरून गेलीस, ते त्याला फार लागलंय. त्याला दोन ओळी लिही. तू पत्र लिहायला बसलीस म्हणून माझा पाय गेला असं तू मला सांगत होतीस, तेही आता सोडून दे. मोजे मीच धूत होते ना.

संध्याकाळी सहाला तो घरी येतो. हातपाय धुतो, माझ्या खुर्चीपुढे जमिनीवर बसतो आणि उरलेल्या मांडीखाली आरसा धरतो. जखम केव्हाच भरली, तिथे आता बघण्यासारखं काही नाही, तरी रोज बसतो. मला आरशात काही दिसत नाही, म्हणून मी विचारते की काय दिसतंय रे. तो म्हणतो की काही नाही मावशी, स्वच्छ आहे. मी त्याला खरंच का असं विचारत नाही. आणि मग तो बराच वेळ उठत नाही.

तुमच्या दोघांवर जीव आहे, तो एका पायानं कमी झालेला नाही.

मावशी